‘कबूल आहे, साहेब’ : गुन्हा मान्य केल्यावर दोषाचा डाग टळतो का?

आजचा विषय कायद्याच्या इतिहासातला असला तरी सुरुवात आपण विरार लोकलपासून करू.

समजा, वीस वर्षांचा एक मुलगा आहे. नालासोपाऱ्याला राहतो, अंधेरीला कामाला जातो. सकाळी पुलावर गर्दी, गाडी समोर लागलेली. तो रूळ ओलांडतो आणि पलीकडे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान त्याला धरतो. त्याला रेल्वे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं जातं. त्याच्यासारखे तिथे बरेच असतात. नाव पुकारलं जातं आणि प्रश्न येतो, “गुन्हा कबूल आहे का?” मागून कुणीतरी कानात सांगतो, “हो म्हण, दंड भर, सुटशील.” तो म्हणतो, “कबूल आहे, साहेब.” दंड भरतो, पावती खिशात घालतो, अर्ध्या दिवसाचा खाडा पडला म्हणून चरफडत कामावर जातो.

तीन वर्षांनी तो सरकारी नोकरीचा फॉर्म भरायला बसतो. त्यात एक रकाना असतो, “आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?” आता त्याने काय लिहायचं? ‘नाही’ लिहिलं तर खोटं होईल का? ‘होय’ लिहिलं तर नोकरी जाईल का? त्या दिवशी तो ‘सुटला’ होता, असंच तो आजवर समजत आला आहे.

आम्ही आज या एका रकान्याचा इतिहास सांगणार आहोत. माणसाने गुन्हा मान्य केला, खोटं बोलला नाही, तर समाज आणि सरकार त्याला परत आत घेतं का? आणि घेतलं, तर त्याच्या कपाळावरचा शिक्का पुसतं का? प्रश्न जुना आहे आणि त्याची एक कडी आपल्या वसईच्या किल्ल्यातही सापडते.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं आणि उत्तरेकडचा हा मुलूखही त्याच्या कक्षेत आला. या न्यायालयाचा सगळा डोलारा कबुलीवर उभा होता. स्वतःहून येऊन दोष सांगणाऱ्याला दयेने वागवू, असं आश्वासन दिलं जाई.

शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य त्या काळी दमणला राहत होता. धर्माबद्दल काही मोकळी विधानं त्याच्या तोंडून गेली होती. आपल्याविरुद्ध कुजबुज सुरू झाली आहे हे कळल्यावर तो स्वतःच तिथल्या धर्मन्यायालयाच्या प्रतिनिधीकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्याला वाटलं, विषय मिटला. पण १६७३ साली त्याला अटक झाली. गोव्याला नेताना वाटेत त्याला वसईच्या तुरुंगातही ठेवलं होतं. जानेवारी १६७६ मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली. मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षं सक्तमजुरी. तो १६७७ मध्ये सुटला आणि पुढे त्याने या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, ते १६८७ मध्ये छापलं गेलं. कबुलीमुळे जीव वाचू शकत होता, पण दोषाचा शिक्का मात्र पक्का बसत होता.

वसई मराठ्यांकडे आली तेव्हा इकडे दुसरीच रीत होती. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत दोष घडला की दोन गोष्टी दिसतात. एक राजदंड, म्हणजे सरकारात भरायची रक्कम. पेशव्यांच्या हिशेबात अशा दंडाला ‘गुन्हेगारी’ हेच नाव आहे. दुसरी गोष्ट प्रायश्चित्त. ते पुरं झालं की गोताने, म्हणजे बिरादरीने, त्या माणसाला पंगतीत बसवायचं. पंगतीत बसला की तो परत आपला झाला. इथे जरा थांबू, कारण या पद्धतीचं गोडवं गायला आम्ही आलेलो नाही. तिच्यात जात होती, कुणाला किती दंड यात उच्चनीच होती आणि काहींना पंगतीची जागा कधीच नव्हती. पण एक गोष्ट तिला नेमकी कळली होती. दंड भरणं हे एक काम आहे आणि परत आत घेतलं जाणं हे दुसरं काम आहे. पहिलं झालं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी कृती लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पेशवाई गेली, इंग्रजी कायदा आला आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल गाडीही धावू लागली. आता माणूस गोतापुढे उभा राहीनासा झाला, मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहू लागला. आणि मॅजिस्ट्रेटच्या कायद्यात पंगत नव्हती.

याच सुमारास जगात इतरत्र काय चाललं होतं? १८४१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा चांभारकाम करणारा एक व्यावसायिक कोर्टात बसला होता. दारूच्या नशेसाठी पकडलेल्या एका माणसाला त्याने जामीन राहून सोडवलं. तीन आठवड्यांनी त्याला परत कोर्टात आणलं, तर न्यायाधीशांना तो ओळखू येईना, इतका सुधारला होता. न्यायाधीशांनी त्याला कोठडीत न पाठवता एक सेंट दंड आणि खर्च एवढ्यावर सोडलं. ऑगस्टसने पुढे मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, हेच काम केलं. आज ज्याला आपण परिवीक्षा, बोलीत ‘प्रोबेशन’, म्हणतो त्याची सुरुवात इथे मानतात.

इंग्लंडने ही कल्पना दोन पायऱ्यांनी घेतली. १८८७ च्या कायद्यात पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला दोषी ठरवून, पण शिक्षा न देता, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येऊ लागलं. १९०७ चा कायदा आणखी पुढे गेला. आरोप सिद्ध झाला आहे असं वाटलं तरी आरोपीचं वय, प्रकृती, पूर्वीचं वागणं बघून खालच्या कोर्टाने त्याला दोषी न ठरवताच सोडावं, अशी मुभा त्यात दिली. म्हणजे १८८७ मध्ये शिक्षा टळली आणि १९०७ मध्ये शिक्काही टळला.

आपल्याकडे यातली पहिलीच पायरी आली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५६२ घातलं गेलं. त्याची सुरुवातच ‘दोषी ठरवलं गेलं असेल तेव्हा’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. म्हणजे आधी शिक्का, मग दया. १९१९-२० च्या तुरुंग समितीने पहिल्याच गुन्ह्यातल्या तरुणांना तुरुंगापासून लांब ठेवण्यावर भर दिला. १९२३ मध्ये कलमाची कक्षा वाढली आणि किरकोळ गुन्ह्यात नुसती ताकीद देऊन सोडण्याची सोय आली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री होते. त्याच मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा मुंबईचा परिवीक्षा कायदा झाला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातला, मुंबई प्रांतातला तालुका होता. म्हणजे आपल्या भागात ही कल्पना स्वातंत्र्याच्या आधीच येऊन पोचली होती.

मग १९५८ चा केंद्राचा कायदा आला, अपराधी परिवीक्षा अधिनियम. तो आजही लागू आहे. यातली चार कलमं आपण नीट समजून घेऊ, कारण त्या नालासोपाऱ्याच्या मुलाचं भविष्य त्यातच आहे.

कलम ३ ताकिदीचं आहे. साधी चोरी, फसवणूक असे काही नेमून दिलेले गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला कोणताही गुन्हा असेल आणि आधी दोषसिद्धी नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. रूळ ओलांडणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खालचा गुन्हा. त्याला कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे तो या कलमात आरामात बसतो.

कलम ४ हमीचं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून बाकीच्या गुन्ह्यांत कोर्ट ताबडतोब शिक्षा न सुनावता माणसाला बंधपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. या काळात नीट वागला तर ठीक. अटी मोडल्या तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं.

कलम ६ तरुणांसाठी. वय २१ च्या आत असेल तर कोर्टाने सहसा कैद द्यायचीच नाही. द्यायची झाली तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारणं लिहायची. वय कोणत्या दिवशीचं धरायचं यावर वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खालच्या कोर्टाने दोषी धरलं त्या दिवशीचं.

आणि कलम १२. आमच्या मते या कायद्याचा जीव इथे आहे. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने जी अपात्रता चिकटते, ती चिकटणार नाही, असं हे कलम सांगतं. हमीवर सोडलेल्याने अटी मोडल्या आणि पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली, तर मात्र हे संरक्षण जातं.

आता नीट ऐका. दोन मुलं एकाच दिवशी एकाच गुन्ह्यात उभी राहिली. दोघांनीही ‘कबूल आहे’ म्हटलं. एकाला पाचशे रुपये दंड झाला. दुसऱ्याला कोर्टाने कलम ३ खाली समज देऊन सोडलं. घरी गेल्यावर पहिला म्हणतो, “पाचशे गेले, पण सुटलो.” दुसरा म्हणतो, “बोलणी खाल्ली.” कायद्याच्या नजरेत पहिला सरळ सरळ दोषसिद्ध आहे आणि त्याला कलम १२ ची ढाल नाही. दुसऱ्याला ती ढाल आहे. स्वस्त दिसणारी पावती अशी महाग पडते.

आणि पावती-पावतीत फरक असतो. तिकीट नसताना टीसीकडे जादा आकार भरला, तर ती नुसती वसुली आहे. तिथे कोर्ट आलं नाही, दोषसिद्धी आली नाही. वाहतुकीच्या चलनाची तडजोड रक्कम भरली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे पुढची कारवाईच थांबते. पण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ‘कबूल’ म्हणून भरलेला दंड वेगळ्या जातीचा आहे. तो गुन्ह्याची शिक्षा म्हणून भरलेला असतो. कबुलीवर झालेल्या अशा निकालाविरुद्ध अपीलही जवळजवळ बंद असतं. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही, एवढंच पुढे भांडता येतं.

मग कलम १२ ने शिक्का पुसला का? इथे इतिहास थोडा कडवट होतो. १९७५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या एका पॉइंट्समनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. दारू पिऊन गैरवर्तन केल्याच्या किरकोळ खटल्यात कोर्टाने त्याला कलम ३ खाली सोडलं होतं आणि खात्याने नोकरीतून काढलं होतं. न्यायालयाने म्हटलं की परिवीक्षेवर सोडल्याने दोषसिद्धी नाहीशी होत नाही, ती राहतेच. पण खात्याने दोषसिद्धी दिसली की डोळे झाकून काढून टाकायचं असंही नाही, परिस्थितीचा विचार करायला हवा. पुढे १९९० मध्येही न्यायालयाने हेच पक्कं केलं. कलम १२ ने कायद्याने येणारी अपात्रता जाते, मूळ गैरवर्तन मात्र पुसलं जात नाही आणि खातं त्याची दखल घेऊ शकतं.

म्हणजे आपल्या कायद्याने शिक्का ठेवला आणि त्याचा काटा तेवढा काढला. पंगतीत बसवलं, पण पाटावर नाव लिहून ठेवलं.

इतर देशांनी काय केलं? कॅनडात १९७२ पासून अशी तरतूद आहे की गुन्हा कबूल केला किंवा सिद्ध झाला, तरी ठराविक प्रकरणांत कोर्ट माणसाला ‘डिस्चार्ज’ देतं आणि तो दोषसिद्ध मानला जात नाही. न्यूझीलंडच्या २००२ च्या कायद्यात तर कबुलीनंतरही कोर्ट दोषी न ठरवता सोडू शकतं आणि ते निर्दोष सुटल्यासारखंच धरलं जातं. त्यासाठी कसोटी एकच. दोषी ठरवल्याचे परिणाम गुन्ह्याच्या मानाने अगदीच बेसुमार ठरतात का? रूळ ओलांडल्याबद्दल सगळं करिअर जाणार असेल, तर ही कसोटी काय सांगेल ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे इतकी कोरी पाटी फक्त मुलांना मिळते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ खाली मुलाला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही आणि कागदपत्रं ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची असतात. १६ वर्षांवरचा मुलगा अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा चालवला गेला तर मात्र अपवाद आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी ही पाटी बंद होते. मोठ्यांना शिक्क्याशिवाय बाहेर पडायची वाट आहे ती तडजोडीची. तडजोड होण्याजोग्या गुन्ह्यात फिर्यादीशी समेट झाला तर तो निर्दोष सुटका मानला जातो. पण रूळ ओलांडल्यावर समेट कुणाशी करणार?

१ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या ३६० चं कलम ४०१ झालं आणि ३६१ चं ४०२ झालं. हे ४०२ आम्हाला फार मोलाचं वाटतं. परिवीक्षा देता येत असताना कोर्टाने ती दिली नाही, तर निकालात विशेष कारणं लिहावी लागतात. २००५ च्या दुरुस्तीने आलेली शिक्षेबाबतची वाटाघाट, म्हणजे ‘प्ली बार्गेनिंग’, नव्या संहितेतही आहे. पहिलाच गुन्हा असेल तर त्यात शिक्षा आणखी कमी होते आणि तिथेही परिवीक्षा देता येते. नव्या न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांना सामाजिक सेवा ही शिक्षा आली. पण सेवा ही शेवटी शिक्षाच आहे. शिक्का न लावता सोडण्याची १९०७ ची ती दुसरी पायरी या नव्या संहितांतही आलेली नाही.

आता परत त्या मुलाकडे जाऊ. त्याने रकान्यात काय लिहायचं? आमचं उत्तर साधं आहे. खरं लिहायचं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पोलीस पडताळणीच्या फॉर्मबद्दल सविस्तर निकाल दिला. माहिती खरी असायला हवी, पण तरुण वयातला क्षुल्लक गुन्हा असेल तर नेमणूक करणारे तो माफ करू शकतात, असं त्यात आहे. लपवणं हे मात्र मूळ गुन्ह्यापेक्षा जड पडू शकतं. रूळ ओलांडण्याने जी नोकरी गेली नसती, ती ‘नाही’ या एका शब्दाने जाऊ शकते.

आणि ज्याला अजून उभं राहायचं आहे, त्याने काय करायचं? कायदा म्हणतो की आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी आणि त्यावर दोषी ठरवायचं की नाही हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी विवेकाने ठरवावं. कबुली आली की दोषी ठरवलंच पाहिजे, असं बंधन नाही. म्हणून ‘कबूल आहे’ हे वाक्य तिथेच संपवू नये. “साहेब, पहिलीच वेळ आहे, वय वीस आहे, परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडावं अशी विनंती आहे,” एवढं बोललं तर ते कागदावर येतं. आणि त्याआधी, खरोखर गुन्हा घडलाय का, हेही विचारून घ्यावं. गर्दी लवकर संपावी म्हणून न केलेलं कबूल करू नये. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेली माणसं यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मागण्याचा हक्क आहे, उत्पन्न कमी असणाऱ्यांनाही आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, पण आपल्याला रोज लागणारी पायरी तालुक्याचीच आहे.

कुणी म्हणेल, मग ज्याला त्रास झाला त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कलम ५ मध्ये सोडलेल्या माणसाकडून नुकसानभरपाई आणि खर्च घेण्याची सोय आहे. गंभीर गुन्ह्यांत ही दया चालत नाही. निष्काळजीपणे वाहन चालवून जीव घेणाऱ्याला परिवीक्षेची अपेक्षा करू देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटलं, ते आम्हाला पटतं. पण रूळ ओलांडणारा आणि जीव घेणारा, दोघांच्या फॉर्ममध्ये रकाना एकच आहे. ‘दोषी ठरवले आहे काय?’ होय किंवा नाही.

राजदंड वेगळा आणि पंगत वेगळी, हे आपल्या जुन्या लोकांना माहीत होतं. त्यांनी पंगत सगळ्यांना दिली नाही, ही त्यांची चूक. आपण कायद्यापुढे सगळ्यांना समान केलं, हे मोठं काम झालं. पण त्या गडबडीत आपण दंड घ्यायचं खिडकीतलं काम सुरू ठेवलं आणि परत आत घेण्याचं काम कुणाकडे द्यायचं ते विसरलो. १९५८ च्या कायद्याने ते अर्धं दिलं आहे. उरलेलं अर्धं मागायचं असेल तर आधी मिळालेलं अर्धं वापरात आणायला हवं. विरारच्या गाडीतून उतरून कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुलाला ते आहे हे तरी कळायला हवं.

तर मंडळी, तुमच्या घरात, इमारतीत, गाडीच्या डब्यात कुणी म्हणालं, “हो म्हण, दंड भर, सुटशील,” तर त्याला थांबवा. म्हणावं, “हो म्हण, पण पुढचं वाक्यही म्हण.”